एका रहस्यपटाच्या पाठीमागचे हात

गुन्हेगारीचे चित्रपट मुलांनीं पाहावेत कीं न पाहावेत, हा प्रश्न पुष्कळ घरांत वारंवार निघतो. आईबापांस वाटतें, चोर, खुनी व ठग यांच्या कथा पाहून मुलांचीं मनें बिघडतील. मुलांस वाटतें, एवढी मनोरंजक वस्तु जगांत दुसरी नाहीं. ह्या वादांत दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. चित्रपट माणसें निर्माण करितात, आणि ती कथा प्रेक्षकाच्या मनाला कोणत्या वाटेनें नेणार हें त्याच माणसांच्या हातीं असतें. खेळाच्या आरंभीं त्यांच्या नांवांची यादी पडद्यावर येते, तेव्हां ती केव्हां संपते म्हणून आपण अधीर झालेले असतों. ती यादी लक्षपूर्वक वाचली तर काय दिसतें, हें १९४९ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द थर्ड मॅन’, म्हणजे ‘तिसरा माणूस’, ह्या बोलपटाच्या उदाहरणानें पाहूं.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें तेव्हां ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिची दशा फार शोचनीय होती. बाँबच्या माऱ्यानें इमारती ढासळल्या होत्या. इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच व रशियन अशा चार सत्तांनीं शहर आपसांत वांटून घेतलें होतें, व मधला भाग चौघांच्या संयुक्त पहाऱ्याखालीं होता. ही व्यवस्था १९५५ पर्यंत टिकली. अन्न, इंधन, औषधें, सर्वांचीच टंचाई. आणि टंचाई म्हटली कीं काळा बाजार आलाच. अशा ह्या शहरावर एक चित्रपट काढावा, असें अलेक्झांडर कोर्डा ह्या निर्मात्याच्या मनांत आलें. कोर्डा मूळचा हंगेरीचा. इंग्लंडांत येऊन तो तेथील चित्रपटधंद्याचा आधारस्तंभ झाला होता. त्यानें ग्रॅहॅम ग्रीन ह्या कादंबरीकारास १९४८ च्या आरंभीं व्हिएन्नाला धाडिलें.

ग्रीनजवळ त्या वेळीं कथेचा केवळ एक धागा होता, आणि तोहि एका पाकिटाच्या मागच्या झडपेवर टिपून ठेविलेला : ज्या मित्राला आपण आठवड्यापूर्वीं शेवटचा निरोप दिला, तोच रस्त्याच्या गर्दींतून जिवंत चालतांना दिसावा! उरलेली कथा त्याला त्या शहरानें दिली. शहराखालच्या विस्तीर्ण गटारांत गस्त घालणारे पोलीस आणि पेनिसिलीनचा चोरटा व्यापार, ह्या दोन गोष्टी त्याला तेथें कळल्या, आणि धाग्यास धागा जुळला.

कथा थोडक्यांत अशी. हॉली मार्टिन्स हा हलक्याफुलक्या साहसकथा लिहिणारा अमेरिकन लेखक. त्याचा जुना मित्र हॅरी लाइम त्याला नोकरी देऊं करितो, म्हणून तो व्हिएन्नाला येतो, तों मित्राच्या दफनालाच जाऊन पोंचतो. मोटारीखालीं सांपडून हॅरी मेला व दोघां मित्रांनीं त्याला उचललें, असें सांगण्यांत येतें. परंतु त्या घराचा रखवालदार म्हणतो कीं उचलणारे तिघे होते. हा तिसरा माणूस कोण? शोध करतां करतां उलगडतें कीं तो खुद्द हॅरीच होय. थडग्यांत निजला आहे तो दुसराच कोणी. लष्करी इस्पितळांतून चोरलेलें पेनिसिलीन पातळ करून विकणाऱ्या टोळीचा हॅरी मुख्य असून, पोलिसांस चुकविण्यासाठीं त्यानें मरणाचें सोंग घेतलेलें असतें.

हा गुन्हा किती घोर आहे हें नीट समजून घेतलें पाहिजे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२८ सालीं शोधून काढिलेलें पेनिसिलीन युद्धाच्या काळांत मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलें होतें. तें पातळ करून दिलें तर अपुऱ्या मात्रेनें रोग हटत नाहीं, औषधाला न जुमानणारे जंतु मागें उरून वाढतात, आणि खरें औषध चालू आहे अशा समजुतींत रोग्याचे मोलाचे दिवस निघून जातात. रोग्याच्या विश्वासाचाच हा खून होय.

आतां ही कथा पडद्यावर आणणारांकडे वळूं. दिग्दर्शक कॅरोल रीड यानें १९४८ च्या शरद्‌ऋतूंत व्हिएन्नांत चित्रणास आरंभ केला. काम त्वरेनें उरकावें म्हणून छायालेखकांच्या तीन तुकड्या केल्या : एक दिवसाची, एक रात्रीची व एक गटारांतील दृश्यांची. तिन्हींवर रीड स्वतः देखरेख करी. तेव्हां त्याला झोंप कितीशी मिळत असेल, ह्याची वाचकांनींच कल्पना करावी. रात्रीच्या तुकडीचा प्रमुख रॉबर्ट क्रॅस्कर हा ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथें जन्मलेला व ऑस्ट्रेलियांत वाढलेला. फरसबंदीच्या रस्त्यांवर पाणी मारून ते ओले ठेवीत, म्हणजे एकच दिवा शंभर ठिकाणीं चमके. कॅमेराहि पुष्कळदां मुद्दाम तिरपा धरिलेला आहे, कारण मार्टिन्सला त्या शहरांतील कोणतीच गोष्ट सरळ दिसत नाहीं. हा तिरपेपणा पाहून विल्यम वायलर ह्या प्रसिद्ध दिग्दर्शकानें रीडला गवंड्याची पाणसळ भेट पाठविली, आणि पुढल्या खेपेस ती कॅमेऱ्यावर ठेवण्याचा सल्ला दिला, अशी गमतीची गोष्ट सांगतात.

हॅरी लाइमची भूमिका ऑर्सन वेल्स ह्यानें केली आहे. हा स्वतः नामांकित दिग्दर्शक. कथेंत हॅरी प्रत्यक्ष दिसतो तो सुमारें एक तास लोटल्यावर. अंधाऱ्या दाराशीं उभ्या असलेल्या कोणाच्या तरी बुटांशीं मांजर घुटमळतें, वरच्या खिडकींत दिवा लागतो, आणि मेलेला मित्र किंचित् हंसतांना दिसतो! परंतु वेल्स व्हिएन्नाला उशीरा आला, आणि गटारांतील घाणींत काम करणें त्याला रुचेना. म्हणून त्याचीं पुष्कळशीं गटारांतील दृश्यें इंग्लंडांतील कलागृहांत हुबेहुब गटार उभारून घेण्यांत आलीं. निर्मात्याचा भाऊ व्हिन्सेंट कोर्डा हा कलादिग्दर्शनाचा भार वाहत होता. मध्यंतरीं काम तर थांबूं द्यावयाचें नव्हतें. तेव्हां भिंतीवर धांवणारी हॅरीची प्रचंड सावली ही हॅमिल्टन नांवाच्या साहाय्यक दिग्दर्शकाची आहे. ह्याच हॅमिल्टननें पुढें जेम्स बाँडचे चित्रपट दिग्दर्शित केले. आणि शेवटीं गटाराच्या जाळींतून जीं बोटें आशेनें वर येतात, तीं खुद्द कॅरोल रीडचीं आहेत! ज्या पात्राला आपण एक माणूस समजतों, तें असें अनेकांच्या देहांचें बनलेलें असतें.

लहान भूमिका करणारांचींहि नांवें वाचण्यासारखीं आहेत. रखवालदार झालेला पाउल हॉर्बिगर हा ऑस्ट्रियाचा लोकप्रिय नट. त्याला इंग्रजी येत नव्हतें. आपलीं इंग्रजी वाक्यें त्यानें केवळ उच्चार ऐकून पाठ केलीं. युद्धाच्या अखेरच्या काळांत नाझींनीं त्याला तुरुंगांत टाकिलें होतें. हॅरीचा साथीदार झालेला अर्न्स्ट डॉइच हा यहुदी असल्यामुळें त्याला नाझी राजवटींत देशत्याग करावा लागला, व तो युद्धानंतर परत आला. पडद्यावर ह्या शहराचें दुःख खरें वाटतें, ह्याचें एक कारण हें कीं तें भोगलेल्यांनींच तें दाखविलें आहे.

संगीताची कथा तर अधिक नवलाची. झिथर हें आपल्या स्वरमंडळाच्या जातीचें तंतुवाद्य. तें वाजविणारा अँटन कारास हा व्हिएन्नांतील मद्यगृहांतून लोकांचें मनोरंजन करणारा गरीब वादक. रीडनें त्याचें वादन ऐकिलें आणि मोठा वाद्यवृंद बाजूस ठेवून सर्व चित्रपटाचें संगीत ह्या एकट्यावर सोंपविलें. त्याला लंडनला नेऊन रीडनें आपल्या घरीं ठेविलें, आणि कित्येक आठवडे खपून त्यानें तें पुरें केलें. आरंभीं नामावली पडद्यावर येते, तेव्हां तिच्या मागें ह्याच वाद्याच्या तारा थरथरतांना दिसतात. १९५० सालीं ती चाल युरोप-अमेरिकेंत घरोघर पोंचली.

इतकें कसब ओतल्यावर खरा धोका पुढें उभा राहतो. वेल्सचा हॅरी मोठा मोहक आहे. १८९७ सालीं उभारलेल्या व्हिएन्नाच्या प्रचंड पाळण्यांत तो मार्टिन्सला उंच नेतो, खालच्या माणसांकडे बोट दाखवितो, आणि असा एखादा ठिपका हलावयाचा थांबला तर तुला खरोखर काय वाटेल, असें विचारितो. खालीं उतरल्यावर स्वित्झर्लंडविषयीं जें खोंचदार भाषण तो करितो, तें वेल्सनें आपल्या पदरचें घातलें आहे. प्रेक्षक हंसतो, आणि क्षणभर दुष्टाच्या बाजूचा होतो. आईबापांस जी भीति वाटते ती हीच.

तिला ह्या मंडळींनीं दिलेलें उत्तर पाहा. मित्राला पकडून देण्याचें नाकारून मार्टिन्स निघालेला असतो. ट्रेव्हर हॉवर्ड ह्यानें उभा केलेला पोलीस अधिकारी मेजर कॅलोवे, वाटेंत त्याला मुलांच्या इस्पितळांत नेतो. हॅरीचें औषध टोंचलेलीं, मेंदूच्या आवरणाच्या दाहानें पिडलेलीं मुलें तेथें आहेत. परंतु दिग्दर्शक आपल्याला एकहि मूल दाखवीत नाहीं. दिसतात त्या लहान खाटा, परिचारिकांची मुकाट हालचाल, मार्टिन्सचें काम करणाऱ्या जोसेफ कॉटनचा उतरत जाणारा चेहरा, आणि एक कापडी अस्वल, जें एक परिचारिका निमूटपणें टाकून देते. त्या अस्वलाचा धनी आतां राहिला नाहीं, हें कोणी तोंडानें सांगत नाहीं. पाळण्यावरून जो ठिपका दिसत होता, त्याला एक खाट होती व एक खेळणें होतें! छायालेखकानें काय टिपावें, नटानें किती बोलावें, ऑस्वाल्ड हाफेनरिश्टर ह्या संकलकानें दृश्य कोठें तोडावें, ह्या सर्वांचा संयम येथें एकवटला आहे. मार्टिन्सचा निश्चय येथेंच फिरतो, आणि आपलाहि.

शेवटाविषयीं लेखक व दिग्दर्शक यांच्यांत मतभेद झाला. हॅरीच्या खऱ्या दफनानंतर स्मशानाच्या लांबलचक रस्त्यावर मार्टिन्स ॲनाची वाट पाहत उभा राहतो. हॅरीवर प्रेम करणारी ही तरुणी ॲलिडा व्हॅली हिनें रंगविली आहे. दोघांचें मनोमीलन व्हावें असें ग्रीनचें म्हणणें होतें. रीडनें तें मानिलें नाहीं. ॲना दुरून चालत येते, त्याच्याकडे दृष्टीहि न टाकतां पुढें निघून जाते, आणि झिथर वाजत राहतें. पुढें ग्रीननें मोकळ्या मनानें लिहिलें कीं रीडचेंच बरोबर होतें. मार्टिन्सनें योग्य तेंच केलें; पण योग्य वागण्याचें बक्षीस हातोहात मिळतें, असें खोटें आश्वासन ह्या मंडळींनीं आपल्याला दिलें नाहीं.

ह्या चित्रपटास १९४९ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें, व क्रॅस्करला छायालेखनाचें ऑस्कर लाभलें. पन्नास वर्षांनंतर, १९९९ सालीं, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें विसाव्या शतकांतील उत्तम ब्रिटिश चित्रपटांची निवड केली, तींत ह्याचाच क्रमांक पहिला लागला.

म्हणून पालकांस विनंति आहे कीं चित्रपटांत गुन्हा आहे एवढ्यानेंच तो त्याज्य ठरवूं नये. ज्याला त्या गुन्ह्याची झळ लागली, त्याचें स्मरण चित्रपटानें ठेविलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. आणि घरीं परततांना मुलांशीं त्याविषयीं दोन शब्द बोलावे. विद्यार्थिमित्रांस सांगणें एवढेंच कीं नांवांची यादी सुरू झाली म्हणजे जागेवर बसून ती वाचा. त्यांतील कोणाची तरी सावली आणि कोणाचीं तरी बोटें तुम्हीं नुकतींच पाहिलीं असतील.