भाव रस्त्याचा, घर पाण्याचे : शहापूर-मुरबाडच्या घरबाजाराचा आढावा

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि कसाऱ्याचा घाट बोगद्यातून काही मिनिटांत ओलांडता येऊ लागला. जमिनीच्या बाजाराने या दिवसाची वाट पाहिली नव्हती. महामार्गासाठी थेट खरेदी सुरू झाली, रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदल्याचे आकडे कानावर आले आणि शहापूर तालुक्यातल्या बांधाबांधावर तोच भाव बोलला जाऊ लागला. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्ग वर्षानुवर्षे मंजुरी, सर्वेक्षण आणि भूसंपादन यांतच फिरतो आहे. तरी प्लॉटच्या जाहिरातीत भावी स्टेशन ठळक अक्षरांत असते. या दोन तालुक्यांत आज जो भाव चालतो तो रस्त्याचा आणि रुळांचा आहे. घरात माणूस राहायला लागला की गरज पडते ती पाण्याची आणि स्वच्छ कागदाची. बाजार या दोन गोष्टींची किंमत करत नाही, म्हणून इथे विक्री वाढते आणि त्या प्रमाणात वस्ती वाढत नाही, असे माझे मत आहे.

इथे मुळात दोन वेगळे बाजार आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की चित्र धूसर होते. पहिला लोकलच्या डब्याचा. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या पट्ट्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीत भाड्याने राहून दमलेले कुटुंब वन आरके किंवा वन बीएचके घेते. आसनगावहून मुंबईच्या टोकापर्यंत जायला सुमारे दोन तास लागतात हे त्याला माहीत असते, पण स्वतःचे घर आणखी अलीकडे परवडत नाही हेही माहीत असते. या ग्राहकाला गेल्या दहा वर्षांत सरकारी धोरणाने खरोखर हात दिला. प्रधानमंत्री आवास योजनेतून कर्जाच्या व्याजावर अनुदान मिळाले, एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांवरचा जीएसटी १ टक्क्यावर आला आणि १ मे २०१७ पासून गृहप्रकल्पांना महारेराची नोंदणी सक्तीची झाली. दुसरा बाजार प्लॉटचा आणि फार्महाऊसचा. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, माळशेजच्या वाटेवरची गावे, इकडे किन्हवली आणि डोळखांबचा परिसर. टाळेबंदीत शहरातल्या खोलीत कोंडून पडलेल्या माणसाला अंगण हवेसे वाटले, सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क तात्पुरते ५ वरून २ टक्क्यांवर आणले आणि या बाजाराला जोर चढला. पहिल्या बाजारात माणूस राहण्यासाठी घेतो, दुसऱ्यात बहुतेक जण ठेवण्यासाठी घेतात. भाव मात्र दुसरा बाजार ठरवतो आणि पहिल्याला तो मोजावा लागतो.

कागदाचा प्रश्न समजायचा तर इथला एखादा सातबारा शांतपणे वाचावा. डावीकडे भूधारणा पद्धती, मध्ये खातेदारांची नावे. एका गटात दहा-पंधरा नावे सहज असतात, त्यांत वारलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची, वारसनोंद राहून गेलेल्यांची. घेणाऱ्याचे डोळे क्षेत्रावर आणि आकारावर थांबतात. खरी गोष्ट ‘इतर अधिकार’ या रकान्यात असते. तिथे कूळकायद्याच्या कलम ४३ ची शर्त असू शकते, ‘नवीन अविभाज्य शर्त’ असू शकते, एखाद्या प्रकल्पाचा राखीव शेरा असू शकतो, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ चा उल्लेख असतो. म्हणजे जमीन आदिवासी खातेदाराची असून परवानगीशिवाय ती बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधलीही काही गावे येतात. त्यामुळे हा शेरा इथे अपवादाचा नाही. वर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आहेच, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा, ज्याखाली २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरले. असे असूनही दोन-तीन गुंठ्यांचे प्लॉट विकले जातात. ते साठेकरारावर, कुलमुखत्यारपत्रावर, नोटरीच्या शिक्क्यावर, किंवा अनेक जणांच्या सामाईक नावाने. अशा व्यवहाराला बँक कर्ज देत नाही. म्हणून विकणाराच हप्ते बांधून देतो, आणि घेणारा आयुष्याची पुंजी अशा कागदावर लावतो ज्याने मालकी येतच नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. तुकडेबंदीसारखे नियम आपण कवटाळून बसलो म्हणूनच बेकायदा बाजार फोफावला, गरिबाला दोन गुंठे कायद्याने मिळाले असते तर तो नोटरीकडे गेला नसता, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, आणि सरकारही त्याच दिशेने सरकते आहे. जुने तुकडे नियमित करण्याचे शुल्क २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात एक गुंठ्यापर्यंतचे निवासी तुकडे मोकळे करण्याची घोषणाही झाली. ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांची सुटका व्हायलाच हवी. पण तुकडा नियमित झाला म्हणून त्याला रस्ता, गटार आणि नळ आपोआप लागत नाहीत. मंजूर रेखांकनात रस्त्याची रुंदी आणि मोकळी जागा सोडावी लागते, त्याचा खर्च विकणाऱ्यावर पडतो. रेखांकनाशिवाय विकलेल्या प्लॉटमध्ये तोच खर्च पुढे ग्रामपंचायतीच्या आणि शेजाऱ्यांच्या गळ्यात येतो.

आता पाण्याकडे वळू, कारण सगळा बाजार इथे येऊन अडखळतो. शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे, मोडकसागर १९५७ पासून, आणि एकटे भातसा मुंबईची सुमारे निम्मी तहान भागवते. तिकडे मुरबाड-अंबरनाथच्या सीमेवरच्या बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना आणि कल्याण-डोंबिवलीच्या शहरांना जाते. त्याची उंची वाढवल्यावर मुरबाडमधले पाडे बुडाले. याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात गावे आणि पाडे टँकरची वाट पाहतात. पावसाळ्यात भाताला पुरून उरेल इतका पाऊस पडतो, पण खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, वाहून जाते. बोअरवेलला जानेवारीत लागलेले पाणी मे महिन्यात असेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना शहापूरसाठी आखली गेली, याचाच अर्थ धरणांच्या तालुक्याला पाणी घाटापलीकडून, इगतपुरीतून आणावे लागते. अशा ठिकाणी दोनशे सदनिकांचे संकुल उभे राहते तेव्हा ते गावच्याच भूजलावर उभे राहते. इमारतीच्या खोल बोअरने शेजारच्या पाड्याची विहीर आटली तर त्या पाड्याचे नुकसान कोणत्याही खरेदीखतात दिसत नाही.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला चांगला भाव येतो आहे तर तो का नाकारायचा? भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, मुलांना शेतात राहायचे नाही, विकण्याचा हक्क त्याचा आहे. तो हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण या बाजारातला मोठा नफा शेतकऱ्याच्या हातात पडत नाही. विसार देऊन मुदत घ्यायची, सातबारा त्याच्याच नावावर ठेवायचा आणि मधल्या काळात तुकडे पाडून विकायचे, ही पद्धत सर्रास आहे. नंतर तक्रार झाली की नाव शेतकऱ्याचे निघते. जमीन एकरकमी विकण्याऐवजी विकासकाबरोबर भागीदारीने मंजूर रेखांकन करणे, निदान स्वतःच्या नावावर काही प्लॉट राखणे, हा मार्ग कायद्यात आहे. त्यासाठी मोजणी, वारसनोंद आणि पोटहिस्से आधी पुरे व्हायला हवेत, आणि तिथे भूमिअभिलेख कार्यालयाचा वेग हाच मोठा अडसर आहे.

या तालुक्यांत घरे बांधणाऱ्यांचे घर हा विषय आढाव्यातून बहुधा सुटतो. दिवाळीनंतर कातकरी आदिवासी कुटुंबे बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांनी थापलेल्या विटांवर कल्याणपासून पुढे कितीतरी भिंती उभ्या आहेत. त्यांची स्वतःची भिंत कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा लेप, छपराला प्लॅस्टिकचा कागद. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यात ५० हजारांची भर जाहीर केली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या समाजांना घरामागे २ लाख ठेवले आहेत. पैसा पूर्वीपेक्षा वाढला आहे. अडते ते घराखालच्या जागेपाशी. पिढ्यान् पिढ्या वसलेली वाडी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते, आणि आजूबाजूच्या गुंठ्याचा भाव चढला की मालकाला तीच वाडी अडचण वाटू लागते. जागा नावावर नाही म्हणून घरकुल रखडते. दोन्ही बाजार याच जमिनीवर उभे आहेत, म्हणून प्लॉटची तेजी आणि घरकुलाची रखडपट्टी वेगवेगळे विषय मानता येत नाहीत.

नियम कडक केले तर घरे महागतील आणि आसनगावचा वन बीएचकेही हातातून जाईल, हा शेवटचा आक्षेप. थोडी महागतील, हे खरे. पण टँकरचे दरमहा पैसे, दर दोन वर्षांनी नवी बोअर, आणि खरेदीखतच न होणारा प्लॉट यांची बेरीज घेणाराच करतो, फक्त ती उशिरा करतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचे आणि आठपेक्षा जास्त घरांचे प्रकल्प महारेरात नोंदवावे लागतात, प्लॉटचे रेखांकनही त्यातून सुटत नाही. त्या नोंदणीत पाण्याच्या स्रोताचा एप्रिल-मे महिन्यातला तपासणी अहवाल सक्तीचा करता येईल. पेसा कायदा लागू असलेल्या गावांत आदिवासी जमिनीचे हस्तांतर रोखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहेच. मोठ्या संकुलाच्या बोअरवेलचा विषयही त्याच ग्रामसभेपुढे, उन्हाळ्याच्या बैठकीत, खोली आणि अंतराच्या आकड्यांसह आला पाहिजे. आणि कातकरी वाड्यांच्या जागा मोजून नावावर करण्याचे काम समृद्धीच्या आसपासच्या नव्या रेखांकनांना मंजुरी देण्याआधी व्हावे, कारण एकदा भाव चढला की ती जागा सोडायला कोणीही तयार होत नाही.