भाड्याची खोली आणि अकरा महिन्यांचा कागद

ॲडमिशन मिळवणं एक वेळ सोपं, पण रत्नागिरीत रूम शोधणं आणि त्या रूममध्ये पावसाळा काढणं हेच खरं इंजिनिअरिंग! एका खोलीत चार कॉट, जूनपासून भिंतींना ओल, बाथरूम एक आणि रांग आठ जणांची. काही बोलावं तर उत्तर ठरलेलं, "पटत नसेल तर दुसरी बघा." मग आपल्यातलाच कोणीतरी तावातावाने म्हणतो, "नगर परिषदेत कम्प्लेंट टाकूया!" टाकूया की. पण कोणाकडे आणि कशाची, ते आधी बघायला हवं. म्हणून मी जरा खोदकाम केलं.

पहिला घोळ हद्दीचा. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे ही गावं शहराला कितीही चिकटलेली असली तरी तिथे कारभार ग्रामपंचायतीचा. तिथल्या खोलीची तक्रार घेऊन नगर परिषदेत गेलात तर हेलपाटा फुकट. खोली शहराच्या हद्दीत असली तरी नगर परिषदेचं काम पाणी, गटार, कचरा, बांधकाम परवानगी आणि घरपट्टी. तुंबलेलं गटार किंवा विनापरवाना चढवलेला मजला असेल तर जरूर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पण खोलीत किती मुलं कोंबली, हे मोजायला कोणी येत नाही. साधी घरगुती खोली भाड्याने द्यायला आपल्याकडे परवाना लागतच नाही.

इंग्लंडमध्ये लागतो. तिथे 2018 पासून वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं एकाच घरात स्वयंपाकघर-बाथरूम वाटून राहत असतील, तर मालकाला स्थानिक कौन्सिलकडून लायसन्स घ्यावं लागतं. अशा घरात दोन मोठ्या माणसांच्या झोपायच्या खोलीला किमान 10.22 चौरस मीटर जागा हवी. आमची 10 बाय 12 ची खोली साधारण 11 चौरस मीटर भरते. म्हणजे तिकडच्या हिशेबाने आमच्यातल्या दोघांनी आजच बॅगा भरायला हव्यात!

असो. आपल्याकडे आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याचा. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. "अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्या कायद्याने नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी अकरा महिने ही पळवाट काढली. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या कायद्याच्या कलम 55 ने ती बंद केली. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट बुडालेल्या माझ्या एका मित्राला हे ठाऊक असतं तर तो इतका मुकाट निघून गेला नसता.

मालक कागद का टाळतात? एक कारण घरपट्टीचं, भाड्याने दिलेल्या भागाला ती जास्त बसू शकते. दुसरं, मुलं खोली सोडणार नाहीत ही भीती. ही दुसरी भीती तर अगदीच फोल आहे, कारण लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची सोय कलम 24 मध्ये मालकासाठीच केलेली आहे.

आणि ते 'पीजी'चे बोर्ड! कायद्याच्या व्याख्येत पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग वापरणारा माणूस. मालक मुंबईला आणि आपण इथे, तर तो पीजी कसला?

एक मात्र ध्यानात घ्या. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा हा कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसतो. दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांची नोटीस देऊन खर्च भाड्यातून वळता करण्याचा कलम 14 चा हक्क भाडेकरूचा आहे. म्हणून डिपॉझिट किती दिवसांत परत, लाइटबिल कोणत्या दराने, गळती कोण काढणार, हे सगळं करारातच लिहून घ्यावं लागतं. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय आपल्या उपयोगाचा नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के. खोलीचं भाडं महिना 8,000 धरलं तर अकरा महिन्यांचे 88,000, त्यावर 220 रुपये. डिपॉझिटमुळे त्यात थोडीशी भर पडते आणि नोंदणी फी वेगळी. चौघांत शुल्काचे माणशी 55 रुपये पडतात.