आंदणात कबूल केलेला सोलापूरचा किल्ला: दोन शाह्या शंभर वर्षं का भांडल्या?

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात आज लोक सकाळी फिरायला येतात. शेजारी सिद्धेश्वर तलाव, समोर शहराची गर्दी. पण १६व्या शतकात हा किल्ला दख्खनमधल्या दोन मोठ्या सत्तांच्या भांडणाचं मूळ होता. आणि या भांडणात कोण कोणाच्या बाजूने लढलं हे पाहिलं, तर शाळेत ठसलेलं 'हिंदू राजे विरुद्ध मुस्लीम सुलतान' हे चित्र बरंच बदलतं.

आधी पार्श्वभूमी

१३४७ मध्ये गुलबर्ग्यात (आताचं कलबुर्गी) बहमनी सुलतानशाही स्थापन झाली. १५व्या शतकाच्या अखेरीस ती खिळखिळी झाली आणि तिच्यातून पाच शाह्या निघाल्या. विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, वऱ्हाडची इमादशाही आणि बीदरची बरीदशाही.

त्याच सुमारास तिकडे तुर्कस्तानात ऑटोमन साम्राज्य जोरात होतं, इराणमध्ये १५०१ मध्ये सफवी घराणं सत्तेवर आलं आणि १५२६ मध्ये बाबराने दिल्ली जिंकली.

सोलापूरच का?

कारण सोलापूर आदिलशाही आणि निजामशाहीच्या सीमेवर होतं. विजापूर इथून जेमतेम १०० किलोमीटर. भीमा आणि सीना नद्यांमधली काळी जमीन म्हणजे हक्काचा महसूल. शिवाय सपाट मुलखात डोंगरी किल्ल्यांचा आडोसा नाही. त्यामुळे खंदक आणि दुहेरी तटबंदी असलेला हा किल्ला ज्याच्या हातात, त्याची सीमा सुरक्षित.

लग्न झालं, किल्ला मिळाला नाही

१५२४ मध्ये सोलापुरातच एक शाही लग्न लागलं. नवरी विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम, नवरदेव अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा. आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला आणि आजूबाजूचे साडेपाच परगणे द्यायचं ठरलं होतं, असं निजामशाहीचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात किल्ला मिळाला नाही. दुसऱ्याच वर्षी बुऱ्हाण फौज घेऊन सोलापूरवर चालून आला आणि हरून परतला.

१५५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सोलापूर घेतलंच. त्याच्या मदतीला कोण होतं? विजयनगरचा रामराय. मोबदल्यात रामरायाने आदिलशाहीकडून रायचूर आणि मुदगल घेतलं.

मग काही वर्षांतच पारडं फिरलं. नवा आदिलशहा, पहिला अली, याने सोलापूर परत मागितलं. नकार मिळताच त्याने त्याच रामरायाशी हातमिळवणी केली आणि दोघांनी निजामशाहीवर चढाई केली.

चांदबिबी आणि तालिकोट

रामराय डोईजड होतोय हे लक्षात आल्यावर सुलतानांनी आपसांत जुळवून घेतलं. त्यासाठी पुन्हा सोयरीकच कामी आली. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि आंदणात सोलापूरचा किल्ला दिला. अलीची बहीण अहमदनगरच्या राजपुत्राला दिली. या सोयरिकीनंतर थोड्याच काळात, जानेवारी १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली आणि विजयनगरचा पराभव झाला.

या लढाईचं वर्णन अनेकदा धर्मयुद्ध म्हणून होतं. तेव्हाच्या फारसी तवारिखांतही तशी भाषा सापडते. पण त्याआधीची ४० वर्षं पाहिली, तर एकाच धर्माचे दोन सुलतान एका किल्ल्यासाठी लढत होते आणि रामराय आज याच्या, उद्या त्याच्या बाजूने उभा राहत होता. धर्माची भाषा खरी होती, पण मित्र आणि शत्रू ठरत होते ते किल्ले, परगणे आणि महसुलावरून.

याच चांदबिबीने पुढे १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेपासून अहमदनगरचा किल्ला लढवला. म्हणजे तिथेही मुस्लीम सत्तेपुढे मुस्लीम सत्ताच उभी होती.

पुढे किल्ल्याचं काय झालं?

तालिकोटनंतरही वाद मिटला नाही. १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकल्यावर निजामशाहीच्या मलिक अंबरने सोलापूर घेतलं. १६३६ मध्ये शहाजहानने निजामशाही संपवली आणि तहात सोलापूर आदिलशाहीला मिळालं. १६६८ मध्ये आदिलशहाला ते मुघलांना द्यावं लागलं. पुढे औरंगजेबाने सोलापुरात तळ ठोकून विजापूरची मोहीम चालवली. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडलं आणि आदिलशाही संपली. ज्या दोन घराण्यांनी या किल्ल्यासाठी शंभर वर्षं झुंज दिली, त्यांच्यापैकी एकाकडेही तो राहिला नाही.

बाहेरच्या जगाशी संबंध काय?

विजापूरची प्रसिद्ध 'मुलूख मैदान' तोफ १५४९ मध्ये निजामशाहीसाठी ओतली गेली. ती बरीच वर्षं सोलापूरच्या उत्तरेला असलेल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. ती ओतणाऱ्याच्या नावात 'रूमी' असा शब्द आहे, म्हणजे ऑटोमन मुलखातला. तोफा ओतण्याचं तंत्र तिकडून दख्खनमध्ये असं कारागिरांसोबत आलं.

पुढच्या वेळी सोलापूरच्या किल्ल्यात गेलात, तर बुरुज बघताना एवढं आठवा: १६व्या शतकात या तटाच्या आतून आणि बाहेरून लढणारे सुलतान एकमेकांचे सोयरे होते.