मोत्याचे दात आणि बाबांचा खिसा

दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्रा आहे? मग आज एक काम करा. तो लाडात येऊन मांडीवर डोकं ठेवेल, तेव्हा त्याचा ओठ हळूच वर करून पाहा. दातांच्या मुळाशी पिवळा-तपकिरी थर दिसतोय? तोंडाला घाण वास येतोय?

तो थर म्हणजे कीटण. जिवाणूंचा चिकट थर दातांवर बसतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच टणक होतो. मग तो ब्रशला मुळीच दाद देत नाही. हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. पण "माझा दात दुखतोय" असं मोत्या कसं सांगणार? तो मुकाट्याने एकाच बाजूने चावत राहतो.

शेवटी डॉक्टर म्हणतात, "दात साफ करून घ्या." खर्चाचा हजारांतला आकडा ऐकून बाबा चमकतात, "अहो, माझे दात याहून स्वस्तात साफ झाले!"

बरोबर आहे, कारण बाबा सांगितल्यावर 'आ' करतात! मोत्या करील का? म्हणून त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. मूत्रपिंड, यकृत ठीक आहे ना, हे पाहायला आधी रक्ततपासणी. तोंडातलं पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी. श्वासावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर सतत कुणाचं तरी लक्ष. मग यंत्राने हिरड्यांच्या आतलंही कीटण काढून एकेक दात पॉलिश करायचा. कुत्र्याला दात असतात तब्बल 42, आपल्याला 32! मुळं पाहायला एक्स-रे काढला किंवा किडका दात उपटला, तर बिल आणखी वाढतं. भूल न देता वरवर खरवडलं, तर स्वस्तात दात चमकतील. पण खरा रोग हिरडीखाली तसाच राहील.

मग खर्च वाचवायचा कसा? ते तुमच्या हातात आहे! रोज दोन मिनिटं मोत्याचे दात घासा. सुरुवातीला बोटाला ओलं फडकं गुंडाळून, सवय झाली की मऊ ब्रशने. पेस्ट मात्र प्राण्यांचीच हवी. मोत्याला चूळ भरता येत नाही, तो पेस्ट गिळतो. आणि माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी आहे. पण त्याचा दात दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडेच न्या.

आणि हो, घरात मोत्याच्या नावाचा एक गल्लाही ठेवा. खाऊच्या पैशांतले थोडे त्यात टाका. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर बाबांच्या खिशाला तुमचाही हातभार लागेल!