चाकांवरचं घर – भाग 9 : छतावरच्या एसीतून ऊब

मागच्या भागात आपण कॅम्परच्या छतावरचा एसी उघडून पाहिला. छताला पाडलेलं 14 इंच बाय 14 इंचांचं चौकोनी भोक, त्यावर बसलेला कॉम्प्रेसर आणि पंखा, आणि आतल्या बाजूला छताला चिकटलेली प्लास्टिकची पेटी. जून ते ऑगस्ट हा एसी अखंड राबतो. ऑक्टोबर उजाडला की आमच्या मिशिगनमध्ये दिवसा स्वेटरवर भागतं, पण पहाटे दात वाजायला लागतात आणि एसी नुसता बसून राहतो. त्याच एसीत एक छोटी विजेची कॉइल बसवली, तर त्याच पंख्यातून गरम हवा येते. अमेरिकेत या कॉइलला ‘हीट स्ट्रिप’ म्हणतात.

एक गल्लत आधीच दूर करू. आपल्याकडे ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून जे एसी विकले जातात, त्यांतले बरेचसे हीट पंप असतात. त्यांत कॉम्प्रेसरचं चक्र उलटं फिरवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढली जाते. हीट स्ट्रिपमध्ये कॉम्प्रेसर बंदच असतो. टोस्टरमध्ये लालसर होते तशी तार तापते आणि पंखा तिच्यावरून हवा फेकतो. तार निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निक्रोमची. अल्बर्ट मार्श यांना 1906 मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि विजेच्या शेगड्या, टोस्टर, हीटर यांची वाट मोकळी झाली.

बसवायचं काम, एसी जर त्यासाठी तयार असेल तर, तासाभराचं आहे. ‘असेल तर’ हे मुद्दाम म्हणतो. प्रत्येक एसीला कॉइल बसत नाही, आणि बसते ती त्याच मॉडेलसाठी बनवलेली. म्हणून खरेदीआधी एसीवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. मग बाहेरच्या वीजखांबावरून कॅम्परचा प्लग काढा. नुसता ब्रेकर पाडून हात घालू नका. फिल्टरची जाळी काढली की पेटीचे स्क्रू दिसतात. पेटी उतरवली की थंड हवा ज्या तोंडातून खाली येते ते दिसतं. पत्र्याच्या चौकटीत नागमोडी ताणलेली कॉइल त्या तोंडात सरकवायची, स्क्रूंनी घट्ट करायची आणि तिचा प्लग कंट्रोल बॉक्समधल्या मोकळ्या सॉकेटमध्ये दाबायचा. कॉइलच्या कडेला बटणाएवढा एक गोल तुकडा दिसेल. तो लिमिट स्विच. पंखा अडला किंवा फिल्टर तुंबला, तर तार भलतीच तापण्याआधी तो वीज तोडतो. त्याला वळसा घालून तार जोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला कॅम्परला हात लावू देऊ नका. डक्टवाल्या एसीत कॉइल वरच्या भागात बसते आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅटही तिला चालवणारा लागतो. ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

पहिल्यांदा चालू केल्यावर धूळ जळाल्याचा वास येतो. खिडकी उघडा, पाचदहा मिनिटांत जातो.

आता ही ऊब किती? कॉइल साधारण 1,600 वॉटची, म्हणजे तासाला सुमारे 5,500 बीटीयू. कॅम्परच्या गॅसच्या भट्टीचा आकडा 20,000 ते 30,000 असतो, यावरून काय ते समजा. एसीचा पंखा मिनिटाला साधारण 9 घनमीटर हवा ढकलतो. एवढ्या हवेला 1,600 वॉट जेमतेम 9 अंश सेल्सियसने तापवतात. आतली हवा 14 अंशांवर असेल तर झडपेतून 23 अंशांची येते. हाताला ती कोमटच लागते, म्हणून अनेकांना वाटतं की कॉइल बिघडली. बिघडलेली नसते. शिवाय गरम हवा छतालगत रेंगाळते, त्यामुळे झडपांचं तोंड खाली वळवा. बाहेर 8-10 अंश असतील तर लहान कॅम्पर सुखावह होतो. पाणी गोठवणाऱ्या थंडीत मात्र हिच्यावर विसंबू नका. बऱ्याच कॅम्परमध्ये भट्टीचा एखादा फाटा फरशीखालच्या टाक्या आणि नळ्यांपर्यंत जातो. छतावरची कॉइल तिथे पोचत नाही. आत तुम्ही उबेत झोपाल आणि खाली नळी फुटेल.

या कॉइलसाठी नवी वायर ओढावी लागत नाही. एसीचं बटण एका वेळी थंड नाहीतर गरम, एवढंच चालू देतं, त्यामुळे एसीच्या 20 अँपिअरच्या सर्किटवरच तिचं भागतं. प्रश्न येतो तो पूर्ण कॅम्परच्या लोडचा. सांगलीच्या घरात पाणी तापवायचा 1,500 वॉटचा रॉड 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. अमेरिकेत व्होल्टेज 120, त्यामुळे आपली 1,600 वॉटची कॉइल 13 अँपिअरच्या वर जाते. कॅम्परची जोडणी 30 अँपिअरची असेल तर उरले जेमतेम 17. पाण्याचा विजेचा हीटर 12 घेतो. त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. तो पडतो तेव्हा आपलं काम चोख करत असतो. मला भीती वाटते ती तो पडत नाही त्या वेळेची.

गेल्या वर्षी मुलीच्या साखरपुड्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. दादा-वहिनी म्हणाले, आम्ही कॅम्परमध्ये झोपतो. कॅम्पर दारातच उभा होता. मी अडॅप्टर लावला, गॅरेजमधल्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून एक लांब, पातळ एक्स्टेन्शन ओढली आणि कॉइल चालू करून दिली. पहाटे पाचला दादा दार वाजवत आला. “अरे, ऊब बंद झालीय, आणि गॅरेजकडून कसला तरी वास येतोय बघ.” प्लग हाताला चटका देत होता. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं. ब्रेकर जागच्या जागी. तो पडणार कसा? 13 अँपिअर 15 पेक्षा कमीच. पण सॉकेटमधली पकड सैल झालेली होती, आणि सैल जोडावरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. तीन तासांहून अधिक सलग चालणाऱ्या लोडसाठी सर्किटच्या 80 टक्केच धरायचे, म्हणजे 15 च्या सॉकेटवर 12, हा अमेरिकेतला नियम मला तोंडपाठ होता. तरीही मी सख्ख्या भावाला त्या तारेच्या भरवशावर झोपवलं. त्या दिवसापासून घराच्या सॉकेटवर मी ही कॉइल लावलेली नाही.

मग बसवावी का? तेवढीच ऊब एक छोटा पोर्टेबल हीटरही देतो, आणि जमिनीवर असल्याने पाय जास्त चांगले शेकतो. पण कॅम्परमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते, पोरं आणि पांघरुणं त्याच फरशीवर लोळत असतात. छतावरची कॉइल कुणाच्या पायात येत नाही, कलंडत नाही, आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड येत नाही. ऊब हवी म्हणून रात्री गॅसची शेगडी पेटती ठेवणाऱ्यांनी तर ती जरूर बसवावी. जे नेहमी वीज असलेल्या कॅम्पग्राउंडवर उतरतात, त्यांचा गॅसही वाचतो. बॅटरीवर राहणाऱ्यांनी मात्र हा खर्च करू नये. 100 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची लिथियम बॅटरी ही कॉइल पाऊण तासात रिकामी करते.

बसवलीत, तर एक कराच. चालू केल्यानंतर अर्ध्या तासाने बाहेर जा आणि वीजखांबावरच्या प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर झोपा. चटका बसत असेल तर कॉइल बंद करा, आधी खांबावरचा ब्रेकर पाडा, मगच प्लग काढा आणि ती रात्र पांघरुणावर काढा.