महागलेलें मटण आणि घरांतील वाटणी

आषाढाचा शेवटचा रविवार जवळ आला म्हणजे पुणें-नाशिक रस्त्यावरील मोशी गांवांत खाटकाच्या दुकानापुढें सकाळपासूनच रांग लागते. श्रावणापूर्वीं 'आखाड' साजरा करण्याची हौस आमच्या लोकांत जुनीच आहे, व तीबद्दल आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु त्याच दिवशीं भाव चढतो, त्याच दिवशीं माल पारखून घेण्यास सवड नसते, आणि त्याच दिवशीं महिन्याभराच्या मांसाचा पैसा एका जेवणांत उडून जातो, ही गोष्ट विचारी गृहस्थांच्या ध्यानांत येऊं नये याचें आम्हांस नवल वाटतें.

मोशी हें पूर्वीं इंद्रायणीकांठचें शेतकऱ्यांचें गांव. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि भोसरी, तळवडे व चाकण येथील कारखान्यांत राबणारीं, मराठवाड्यापासून विदर्भापर्यंतचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. ज्याच्या वडिलांच्या परसांत चार कोंबड्या व दावणीस दोन शेळ्या होत्या, तो आज भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि अंडेंसुद्धां दुकानांतून आणतो. २०२४ च्या सुमारास पुण्याच्या परिसरांत बोकडाचें मटण किलोस ७०० ते ८०० रुपयांच्या घरांत गेलें होतें. घरभाडें, मुलांची फी व हप्ते देऊन उरलेल्या पगारांत अर्धा किलोचा पाव किलो होण्यास मग वेळ लागत नाहीं.

या महागाईचें सारें खापर खाटकाच्या माथीं फोडणें सोपें आहे, पण तें न्याय्य नव्हे. २५ किलो वजनाचा बोकड कापला तर हाडांसह मांस निघतें तें ११ ते १२॥ किलो. शेळी पांच महिने गाभण राहते. पुढें करडूं विकण्याजोगें होण्यास आणखी नऊ महिने ते वर्ष लागतें. संगमनेरी व उस्मानाबादी या आमच्या प्रांतांतल्या जाती काटक खऱ्या, पण त्यांस चरावयास गायरानें हवींत, आणि या पट्ट्यांतली मोकळी जमीन कारखान्यांच्या व इमारतींच्या पोटांत गेली. चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारांत बोकडाची बोली जेथून सुरू होते, तिच्या खालीं खाटकास उतरतां येत नाहीं. कातड्यासही पूर्वींसारखें मोल राहिलेलें नाहीं. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरांत भाववाढीविरुद्ध नागरिकांनीं मोठें आंदोलन केलें, विक्रेत्यांनीं दुकानें बंद ठेवलीं, आणि २०२० च्या आरंभीं तडजोड झाली. कोल्हापूरकरांच्या एकजुटीचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु आंदोलनानें भाव चार दिवस दबला तरी करडूं कांहीं लवकर वाढत नाहीं.

कोंबडीचें गणित निराळें आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं पुण्यास सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज् पासून या धंद्याचें रूपच पालटलें, व १९८२ पासून राष्ट्रीय अंडी समन्वय समिति अंड्यांचे भाव जाहीर करीत आली आहे. ब्रॉयलर पक्षी सुमारें सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो, व एक किलो वजनास पावणेदोन किलोंच्या आंतच खाद्य खातो. हें खाद्य मुख्यतः मका व सोयाबीनची पेंड. २०२१ सालीं पेंड इतकी कडाडली कीं केंद्र सरकारास १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. पुढें मका इथेनॉलकडे वळूं लागला, आणि २०२४ सालीं मका निर्यात करणारा आमचा देश तो बाहेरून आणूं लागला. मोटारींच्या या नगरींत कोंबडीचा दाणा मोटारीच्या टाकींत जावा, यांतला विनोद पोट भरलेल्यानेंच अनुभवावा. उलट २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें कोंबडीपासून कोरोना होतो अशी निराधार अफवा उठली, तेव्हां हाच पक्षी कवडीमोलानें गेला. पाळणारे बुडाले, आणि लागलीच पुढें टंचाई होऊन भाव दुप्पट वेगानें वर गेले. स्वस्ताईच्या त्या दिवसांत लोकांनीं समजूतदारपणें खाल्लें असतें तर दोघांचाही लाभ होता.

गरिबाच्या ताटांतील आणखी एका मांसाचा उल्लेख टाळणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. २०१५ च्या मार्चमध्यें बैल व वळू यांच्या कत्तलीसही राज्यांत बंदी झाली. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या घरांत तें सर्वांत स्वस्त मांस शिजत होतें, त्या घरांस म्हशीच्या मांसाखेरीज दुसरी स्वस्त सोय उरली नाहीं, हें त्या वेळीं कोणीं फारसें मोजलें नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी उचलली तिच्याकडे वळतों. बाजारांतला भाव चढला म्हणजे त्याचा भार घरांत कोणावर पडतो? आमच्या बहुतेक घरांत मटणाचे तुकडे आधीं पुरुषांच्या ताटांत पडतात, मग मुलग्यांच्या, आणि स्वयंपाक करणारी सर्वांच्या मागून तळाशीं उरलेल्या रश्श्यांत भाकरी कुस्करून खाते. कोणीं विचारलेंच तर "तिला रस्साच आवडतो" असें उत्तर तयार असतें. रश्श्यांत तेल, मीठ, मसाला व स्वाद उतरतो. मांसाचें सत्त्व मात्र बहुतांशीं तुकड्यांतच राहतें. अर्ध्या किलोचा पाव किलो झाला कीं पुरुषाचे दोन तुकडे कमी होतात आणि बाईचा होता नव्हता तो एकही जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ रक्तक्षयी आढळल्या, व पांच वर्षांखालच्या मुलांपैकीं शेंकडा ६८.९. पुरुषांत हेंच प्रमाण शेंकडा २२ च्या आंत होतें. रक्तक्षयास पुष्कळ कारणें आहेत, व ताटांतील तुकड्यानें सर्वच फिटेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण स्त्रियांचा व पुरुषांचा आंकडा इतका दूर असावा आणि घरांतील वाटणीकडे कोणीं पाहूंही नये, हें आम्हांस पटत नाहीं.

तेव्हां पहिली काटकसर भांड्यांत न करितां वाढण्यांत करावी. शिजवणारीनें तुकडे मोजून शिजवावे आणि मोजूनच सर्वांच्या ताटांत घालावे. वाढती मुलगी, बाळंतीण व अशक्त यांस आधीं. यास कोणी शिष्टाचाराचा भंग म्हणेल तर खुशाल म्हणो.

दुसरें, सणाचें एक मोठें जेवण मोडून त्याचीं चार लहान करावीं. अर्धा किलो मटणास ३७५ रुपये पडत असले तर ७ रुपयांच्या भावानें तेवढ्यांत ५३ अंडीं येतात. अंड्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतें, म्हणजे एकूण ३१८ ग्रॅम झालें; अर्धा किलो मटणांत हाडें वगळतां त्याचा तिसरा हिस्साही नसतो. ज्या घरांत मटणाचीच आवड आहे तेथें खिमा हरभऱ्याच्या डाळींत वा मटारांत शिजवावा, दालच्यांत दुधीबरोबर थोडें मांस पुष्कळांस पुरतें, आणि पाया, मुंडी, वजडी यांस नाकें मुरडण्याची शहरी खोड सोडावी. काळीज स्वस्तांत मिळालें तर लोहाच्या दृष्टीनें त्याच्याइतकें मोलाचें दुसरें थोडकेंच. मात्र गरोदर स्त्रीनें तें डॉक्टरांस विचारल्याखेरीज खाऊं नये. आठवडे बाजारांतील सुकट, जवळा व बोंबील हे घांटावरच्या गरिबाचे जुने सोबती आहेत. नदीच्या मासळीबद्दल लिहिण्याची सोय उरली नाहीं. इंद्रायणीच्या पाण्यावर फेसाचे थर तरंगल्याच्या वार्ता गेल्या कांहीं वर्षांत वारंवार आल्या, आणि आळंदीच्या वारकऱ्यानें आचमन करावें कीं नाहीं असा जेथें प्रश्न, तेथें मासळी कोणी खावी!

खेड्यांत वाट्याचें मटण घेण्याची रीत होती: दहा घरें मिळून एक बोकड घेत, त्याचे सारखे वाटे पाडीत, आणि काळजापासून पायापर्यंत प्रत्येक जिन्नस प्रत्येकाच्या वाट्यांत येई. मोशीच्या सोसायट्यांतल्या बिऱ्हाडांनीं ती पुन्हां कां उचलूं नये? सणाच्या आधींच्या आठवड्यांत, गर्दी नसतां, बोकड ठरवावा, परवाना असलेल्या खाटकाकडूनच कापून घ्यावा, व त्याची मजुरी चोख द्यावी. यांत खाटकाचेंही नुकसान नाहीं, कारण त्याचा माल उरत नाहीं.

व्यापारी वाचकांस एक विनंती. दोन किलोंची जिवंत कोंबडी साफ केल्यावर १४०० ग्रॅमच्या जवळपास भरते. भाव जिवंत वजनाचा कीं साफ केलेल्या मांसाचा, हें फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावें, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोलावें. महागाईच्या दिवसांत गिऱ्हाईक भावापेक्षां संशयानें अधिक चिडतें, हा अनुभव प्रत्येक प्रामाणिक दुकानदारास असेलच.

शेवटची गोष्ट सरकारची. २०२३ च्या नोव्हेंबरांत राज्य सरकारनें शालेय पोषण आहारांत आठवड्यास एक अंडें देण्याचें ठरविलें. २०२५ च्या जानेवारींत त्यासाठींचा निधि काढून घेऊन शाळांनीं तो लोकवर्गणींतून उभा करावा असें सांगितलें. ज्या मुलीच्या ताटांत घरीं तुकडा पोंचत नाहीं, तिला वर्गांत बसल्या जागीं, भावाच्या बरोबरीनें, एक सबंध अंडें मिळत होतें. मोशी, चऱ्होली व चाकण येथील कारखानदारांनीं व अडत्यांनीं आपापल्या जवळच्या एकेका शाळेपुरता हा खर्च उचलावा. ७ रुपयांच्या भावानें शंभर मुलांचा आठवड्याचा खर्च ७०० रुपये होतो, म्हणजे एक किलो मटणाच्या आंत.