प्रवाळाच्या टाकीसाठी चाचणी-संच निवडताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढविणाऱ्याचा बहुतेक खर्च काच, दिवे आणि पंप यांवर होतो. प्रवाळ जगणार की मरणार हे मात्र अनेकदा त्या मानाने स्वस्त असलेल्या एका चाचणी-संचाच्या आकड्यावर ठरते. आकडा चुकला की त्यावर विसंबून टाकीत ओतलेले रसायनही चुकते. दोन वर्षे जोपासलेली फांदीदार प्रवाळाची वसाहत मग एका रात्रीत पांढरीफटक पडू शकते. दोष पाण्याला दिला जातो. पाणी बिघडलेले नसते, त्याचे मोजमाप बिघडलेले असते.

गोव्यात या हानीला आणखी एक बाजू आहे. वास्कोजवळच्या ग्रांद बेटाच्या परिसरात प्रवाळ आहेत, पण त्यांना हात लावता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये झाला. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत ते आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइटिस कराराचे बंधन आहे. टाकीत येणारा प्रवाळ रीतसर आयात झालेला, कागदपत्रांसह घेतलेलाच हवा. असा जीव निष्काळजीपणाने गमावला तर दुसरा किनाऱ्यावरून उचलून आणण्याची सोय नाही, आणि ती नसणेच योग्य.

दुकानात नवख्या माणसापुढे सहसा एक मोठी पेटी ठेवली जाते: पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सगळे एकाच खोक्यात. पेटी वाईट नसते, पण तिच्यातील निम्म्या बाटल्या दोन महिन्यांनी निरुपयोगी ठरतात आणि ज्या मोजमापाची रोज गरज पडते ते तिच्यात बहुधा नसतेच. संच निवडताना विचारायचा प्रश्न असा की, हा आकडा हाती आल्यावर त्याचे करणार काय? ज्या आकड्यावर काही कृती अवलंबून आहे तो अचूक हवा. बाकीच्यांसाठी साधा संच पुरतो.

सर्वांत आधी खारटपणा. तो चुकला तर पुढचे सगळे आकडे त्याच्याबरोबर हलतात. समुद्राचे पाणी सरासरी हजारी ३५ इतके खारट असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. तरंगत्या काट्याचे प्लास्टिकचे यंत्र स्वस्त असले, तरी काट्याला एखादा बुडबुडा चिकटला की ते खोटे बोलते. दुर्बिणीसारखा डोळ्याला लावायचा रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण त्याची खूणगाठ शुद्ध पाण्याच्या शून्यावर बांधून भागत नाही. हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणाशी ती जुळवावी लागते. असे द्रावण घरीही करता येते. ३६.५ ग्रॅम साधे मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले, की प्रकाशाच्या वक्रीभवनापुरते ते हजारी ३५ च्या समुद्रजलासारखे वागते. मीठ ३५ ग्रॅम का नाही, असा प्रश्न पडेल. समुद्रात नुसते मीठ नसते. मॅग्नेशियम, सल्फेट आणि इतर क्षार प्रकाश थोडा अधिक वाकवतात, तो फरक दीड ग्रॅम जास्तीच्या मिठाने भरून निघतो.

समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला घ्यायचे, हा विचार मिरामार किंवा करंजाळेला राहणाऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा लोंढा येतो आणि किनाऱ्याचा खारटपणा झपाट्याने उतरतो. जुलैत भरून आणलेला कॅन समुद्राचा असला तरी त्यातले पाणी अर्धे नदीचे असू शकते. रिफ्रॅक्टोमीटर हाताशी असेल तर हे घरी पोहोचण्याआधीच कळते.

नव्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे अमोनिया आणि नायट्राइट पाहावे लागतात. माशांच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. ही साखळी रुळली की दोन्ही आकडे शून्यावर येतात आणि मग ते अधूनमधूनच बघावे लागतात. येथे फक्त ‘आहे की नाही’ एवढेच कळायला हवे, म्हणून स्वस्तातला रंगतक्त्याचा संच चालतो. पीएचचेही फार कौतुक करू नये. दिवे लागले की तो चढतो, विझले की उतरतो, आणि बंद वातानुकूलित खोलीत माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडनेही खाली येतो. तो वर आणण्यासाठी पाण्यात काही ओतायची घाई करणारे बहुधा दुसरेच काही बिघडवतात.

ते दुसरे म्हणजे अल्कलिनिटी. तिला मराठीत क्षारता म्हणावे तर खारटपणाशी गल्लत होते, म्हणून छंदातले लोक ‘केएच’ म्हणून मोकळे होतात. प्रवाळ आपला दगडी सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतो. त्यातील दुसऱ्या मालाचा साठा म्हणजे अल्कलिनिटी. मोकळ्या समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच असते, टाकीत सामान्यतः ७ ते ११ च्या दरम्यान ठेवतात. कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम असते.

संचांच्या निवडीची सगळी गुरुकिल्ली या दोन आकड्यांच्या नात्यात आहे. सांगाडा बांधताना दोन्ही पदार्थ ठरावीक प्रमाणात खर्च होतात: २.८ डीकेएच अल्कलिनिटी संपते तेव्हा कॅल्शियम फक्त २० मिलिग्रॅम घटते. समजा, चार दिवसांत टाकीची अल्कलिनिटी ८.४ वरून ७.० वर आली. घट १.४, म्हणजे साठ्याचा सहावा हिस्सा गेला. त्याच चार दिवसांत कॅल्शियम ४२० वरून ४१० वर आले. हा दहाचा फरक घरगुती संचाला दिसतच नाही. कारण ५ मिलिलिटर नमुना घेताना पाव मिलिलिटर इकडेतिकडे झाले तरी पाच टक्क्यांची, म्हणजे २१ मिलिग्रॅमची चूक होते. टाकीची भूक मोजायची ती अल्कलिनिटीने. कॅल्शियम आठवड्याने, मॅग्नेशियम महिन्याने पाहिले तरी पुरते. पैसे कमी असतील तर सर्वांत चांगला संच अल्कलिनिटीसाठी घ्यावा आणि कॅल्शियमसाठी साध्यावर भागवावे. पुष्कळ जण नेमके उलट करतात, कारण प्रवाळ म्हटले की कॅल्शियम हे समीकरण डोक्यात पक्के असते.

अल्कलिनिटीचा संच दीड डीकेएचने कमी दाखवत असेल तर काय घडते? मालक ती भरून काढायला सोड्याचे द्रावण ओततो, आणि ठीक असलेली टाकी काही तासांत उंच उडी घेते. एका दिवसात एक डीकेएचपेक्षा अधिक बदल टाळावा, हा या छंदातील जाणत्यांचा दंडक आहे. फांदीदार प्रवाळांची टोके अशाच उड्यांनी जळतात. संच कायम अर्ध्या डीकेएचने चुकत असेल तर तितकेसे बिघडत नाही, कारण चढउतार तरी खरे दिसतात. आज एक आणि उद्या दुसरेच सांगणारा संच अधिक घातक. म्हणून नव्या संचावर एकाच पाण्याची लागोपाठ तीनदा चाचणी करून पाहावी.

खरेपणा तपासण्याचा उपाय स्वयंपाकघरात आहे. ५ ग्रॅम खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावा. त्यातील ५० मिलिलिटर घेऊन पुन्हा शुद्ध पाण्याने १ लिटर करावे. या पाण्याची अल्कलिनिटी ८.३ डीकेएच असते. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. ताकाच्या भांड्याच्या अंदाजाने हे होणार नाही. थेंब मोजून रंग पालटण्याची वाट पाहायच्या संचाची परीक्षा यावर चांगली होते. रंगाची तीव्रता प्रकाशाने मोजणारी डिजिटल यंत्रे समुद्रजलासाठी जुळवलेली असतात, त्यांना त्यांच्याच कंपनीचे प्रमाण द्रावण द्यावे.

डिजिटल यंत्रांबाबत एक भ्रम दूर करायला हवा. पडद्यावर दशांश दिसला म्हणजे तो खरा असतो असे नाही. फॉस्फेट हे याचे ठळक उदाहरण. प्रवाळांच्या टाकीत ते बहुधा ०.०३ ते ०.१ पीपीएम या चिंचोळ्या पट्ट्यात हवे असते. हॅना कंपनीच्या कमी पट्ट्याच्या फॉस्फेट-यंत्राची जाहीर अचूकता अधिक-उणे ०.०४ पीपीएम आणि वर वाचनाचे चार टक्के अशी आहे; म्हणजे पडद्यावरील ०.०४ हे प्रत्यक्षात शून्यही असू शकते. त्याच कंपनीचे अतिसूक्ष्म फॉस्फरसचे यंत्र पाच पीपीबीपर्यंत, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात सुमारे ०.०१५ पर्यंत जाते. या कामाला ते योग्य. मात्र ते फॉस्फरस दाखवते. त्याचे फॉस्फेट करायला आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागावे लागते. हाच घोटाळा नायट्रेटमध्येही होतो: काही संच ‘नायट्रेट-नायट्रोजन’ सांगतात, त्याला ४.४३ ने गुणल्याशिवाय नायट्रेट मिळत नाही. फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्टही बरा नव्हे. प्रवाळाला ते थोडे लागते, आणि पोषकद्रव्ये पार संपलेल्या टाकीत तपकिरी बुळबुळीत थर धरतो.

नायट्रेटच्या दोन बाटल्यांच्या संचात दुसरी बाटली जोराने हलवावी लागते, कारण तिच्यातील घटक तळाशी बसतात. सूचनापत्रातील ते तीस सेकंद कंटाळ्याने वगळले की नायट्रेट फसवे कमी दिसते आणि मालक खूश होतो. टाकी नवी असेल आणि नायट्राइट शिल्लक असेल तर उलट घडते. हे संच आधी नायट्रेटचे नायट्राइट करून मग रंग आणतात. त्यामुळे असलेले नायट्राइटही हिशेबात चढते.

प्रयोगशाळेकडे पाणी पाठवून प्लाझ्मावर आधारित आयसीपी चाचणी करवून घेण्याची पद्धतही रूढ आहे. तांबे, आयोडीन, स्ट्राँशियम यांसारखे घरी न दिसणारे घटक तिच्यात दिसतात. अल्कलिनिटी मात्र तिने कळत नाही, आणि नमुना पोहोचेपर्यंत दिवस जातात. वर्षातून एक-दोनदा ती करावी. रोजच्या संचाची जागा ती घेत नाही.

उरतो माणूस. लाल-हिरवा भेद नीट न कळणाऱ्याने रंगतक्त्याच्या वाटेला न जाता यंत्रच घ्यावे. इतरांनीही टाकीच्या निळ्या दिव्याखाली रंग वाचू नये. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात वाचावा. पिचकारीने थेंब टाकायच्या संचात टोकाशी हवेची पोकळी राहते, तिला भिऊ नये; माप दट्ट्याच्या काळ्या कडेवर वाचावे आणि दरवेळी त्याच कडेवर. आपल्याकडच्या दमट हवेत भुकटीच्या पुड्यांना जून ते सप्टेंबर गुठळ्या धरतात, म्हणून संच सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावा. बाटली फोडली त्या दिवशीच तारीख तिच्यावर लिहावी. विकत घेताना मुदत पाहावी, आणि मुदत संपत आली म्हणून सवलतीत मिळणारा अल्कलिनिटीचा संच दुकानातच सोडून यावा.